सकाळी सहाला कुणी बसलं नव्हतं

आमच्या चर्चच्या मंडळीत मी प्रार्थना छान करते, असं सगळे म्हणतात. वाढदिवस असो, कुणाचं ऑपरेशन असो, कुणी नवीन फ्लॅट घेतलेला असो, पाळकसाहेबांना यायला जमलं नाही की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतात. मी आधी दोनदा नको म्हणते. मग ओढणी डोक्यावर घेते, डोळे मिटते आणि सुरू होते. आवाज आपोआप खाली उतरतो. कुठे थांबायचं, कुठे गळा दाटून आणायचा, हे मला पक्कं ठाऊक असतं. तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, त्यामुळे समोरच्यांचं लक्ष सुटायला लागलं की मिटल्या डोळ्यांनीही कळतं. लक्ष सुटलं की मी एखाद्या आजाऱ्याला मध्ये आणते.

आज हे थट्टेने लिहिते आहे. गेल्या उपासकाळापर्यंत मला यात थट्टेसारखं काही दिसत नव्हतं. मी प्रार्थनेची बाई, अशी माझी माझ्यापुरती समजूत होती. पण घरी एकटी असताना, कुणी ऐकत नसताना, शेवटची प्रार्थना कधी केली, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. जेवणाआधीची दोन वाक्यं सोडली तर वर्षं गेली असावीत. कुणी विचारलं नाही, म्हणून चाललं होतं.

आम्ही पनवेलजवळ खांदा कॉलनीत राहतो. आमच्या बिल्डिंगखाली आठवड्यातून तीनदा उरणकडची एक कोळीण मासे घेऊन येते. उपासकाळाचे, म्हणजे ईस्टरआधीचे, चाळीस दिवस आमच्या घरी मटण-मासे बंद असतात, हे तिला ठाऊक आहे, आणि त्या दिवसांतही मी तिच्याकडून सुकट घेते, हेही तिलाच ठाऊक आहे. सुकट चालते, हा माझा स्वतःचा निकाल. तर त्या उपासकाळात एकदा मी सुकटीवरून तिच्याशी हुज्जत घालत होते आणि मध्येच फोन वाजला. पाळकीणबाईंचा होता. मी दोन पावलं बाजूला जाऊन बोलले आणि परत येऊन पुन्हा सुकटीला नावं ठेवायला लागले. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"बाई, फोनवर किती गोड बोलता तुमी! तो आवाज आमाला कदी ऐकू आला नाय."

मी हसले आणि सुकट घेऊन वर आले. पण दिवसभर ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. संध्याकाळी मी कारण नसताना भांड्यांची फळी आवरायला काढली.

आता आमच्या बुधवारच्या सभेची रीत सांगते, कारण सगळं त्यातच घडलं. दर बुधवारी संध्याकाळी कुणा एकाच्या घरी प्रार्थनासभा असते. कधी कॉलनीत, कधी कामोठ्याला, कधी विचुंब्याला. गीत होतं, बायबलमधलं वचन होतं आणि मग 'विषय' मागतात. म्हणजे कुणासाठी प्रार्थना करायची ते ज्याचं त्याने सांगायचं. कुणाची शुगर वाढलेली, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या सुनेचे दिवस भरलेले. ते सगळं वहीत लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. ही फार चांगली रीत आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण या रीतीला एक मागचं दार आहे आणि आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ते वापरलं आहे. जी गोष्ट चहा पिताना सांगितली तर चुगली ठरेल, ती डोळे मिटून सांगितली की विषय होते. 'आपल्या एका बहिणीच्या घरी सध्या शांती नाही, तिच्यासाठी प्रार्थना करूया,' असं म्हटलं की खोलीतल्या पंधरा माणसांना शांती कुणाच्या घरी नाही ते कळतं, आणि ऐकणाऱ्याला वाईटही वाटत नाही.

माझी एक मैत्रीण विचुंब्याला राहते. नर्स आहे. सकाळी सातची ड्यूटी असते, म्हणून सहाच्या सुमाराला घराबाहेर पडते. तिचे मिस्टर तळोज्याला एका कारखान्यात होते. दारूपायी ती नोकरी गेली. पुढे दोन वर्षांपूर्वी त्यांनी दारू सोडली, आणि सोडल्यावर एका रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्याला कसं बाहेर काढलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. बोलायची सवय नसलेला माणूस. चार वाक्यं बोलले आणि खाली बसले. पण ती चार वाक्यं ऐकून मंडळीतले अर्धे लोक डोळे पुसत होते. तेव्हापासून 'आपले ते साक्ष दिलेले भाऊ' हीच त्यांची ओळख झाली. कुणाच्या घरी कुणी पीत असेल तर त्याला यांच्याकडे पाठवायचे.

उपासकाळाच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर मैत्रिणीने मला चर्चच्या मागे, सायकली लावतात तिथे नेलं.

"ह्यांनी परत घेतली," ती म्हणाली. "तीनदा. कुणाला माहीत नाही."

मी तिचा हात धरला. तशा वेळी काय म्हणायचं ते मला येतंच.

"मला सल्ला नको," ती म्हणाली. "तू फक्त प्रार्थना कर. पण सभेत नको. वहीत लिहू नकोस. घरी, एकटीने. मी सहाला निघते, तेव्हा हे एकटे असतात. तीच वेळ वाईट. त्या वेळेला बसशील?"

"रोज सहाला गुडघ्यांवर असेन," मी म्हणाले. गुडघे दुखतात म्हणून मी गेली पाच वर्षं पाटावरसुद्धा बसलेली नाही, पण वाक्य असंच तोंडात आलं.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती सात वाजता. तिसऱ्या दिवशी गजर लावला होता, तो बंद करून झोपले. चौथ्या दिवशी जाग आली, पण मग दूधवाला आला. नंतर मी स्वतःला सांगितलं की प्रार्थनेला वेळ कशाला हवी, देव चोवीस तास ऐकतो. दुपारी करू. दुपारही कधी उजाडली नाही. हे लपवण्यात आता काही अर्थ नाही. मी एकही दिवस बसले नाही.

सतराव्या दिवशी, बुधवारी, कामोठ्याला सभा होती. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, माणसं दाटीवाटीने बसलेली, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या. विषय फारसे आले नाहीत. पाळकसाहेबांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मी सुरू केलं आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की आज जमत नाही. कुणीतरी खोकत होतं, कुणाचा तरी मोबाइल वाजला. लक्ष सुटत होतं. आणि मग मी ते केलं.

"पित्या," मी म्हणाले, "आमचा जो भाऊ तुझ्या दयेने बाहेर आला होता, आणि आज पुन्हा त्या प्याल्याकडे वळला आहे, त्याला तू हात दे."

नाव घेतलं नाही. नाव कशाला हवं होतं? खोली एकदम शांत झाली. खोकणारा थांबला. दोघींनी हुंदका दिला. आणि मी, लिहिताना लाज वाटते, पण मला बरं वाटलं. जमलं, असं वाटलं. मी आणखी दहा मिनिटं बोलले.

मैत्रीण त्या दिवशी सभेला नव्हती. पण शुक्रवारपर्यंत सगळं विचुंब्याला पोचलं होतं. कुणीतरी मिस्टरांना बाजारात गाठून, खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, 'भाऊ, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थनेत आहोत.' रविवारी दोघं उपासनेला आले नाहीत. त्यांच्या बाकावर दुसरंच कुटुंब बसलं.

रविवारी दुपारी तिचा फोन आला. ती ओरडेल, असं मला वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "तू घरी करत होतीस ना? सकाळी?"

"अगं, रोज," मी म्हणाले. "रोज करत होते. म्हणूनच तर त्या दिवशी मन भरून आलं आणि तोंडातून निघून गेलं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे तीन दिवस मी घरात नुसती येरझारा घालत होते. टीव्ही लावायचे, बंद करायचे. चपला घालून खाली जायचे, गेटपासून परत यायचे. मनात तिच्याशी भांडत होते. मी खोटं काय बोलले? माणूस पितो हे खरं नाही का? साक्ष देताना सगळ्यांसमोर दिली, मग आता लपवायचं कशाला? दांभिक कोण, मी की ते? या भांडणात मी दर वेळी जिंकायचे आणि जिंकल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. जिंकलेलं भांडण माणूस इतक्या वेळा भांडत नाही, हे मलाही कळत होतं.

बुधवारी सभा आमच्याच घरी होती. मी ठरवलं, आज सगळ्यांसमोर पापकबुली द्यायची. आणि दिली. डोळे मिटले, आवाज आपोआप खाली उतरला. "प्रभू, या जिभेने मी तुझ्या लेकरांना दुखवलं," असं म्हणाले. माझ्या गर्वाचं वर्णन केलं. तेही चांगलं साधलं. सगळं सांगितलं, फक्त सकाळी सहाचं सांगितलं नाही. आमेन झाल्यावर बायकांनी मला मिठ्या मारल्या. पाळकीणबाई म्हणाल्या, "इतकी नम्र प्रार्थना मी आजवर ऐकली नाही." एकीने तर मोबाइलवर रेकॉर्ड केलेली, ती तिच्या बहिणीला पाठवणार होती.

सगळे गेल्यावर आमचे मिस्टर चहाचे कप गोळा करत होते. ते सभेत मागे, बाल्कनीच्या दाराशी बसतात आणि शक्यतो बोलत नाहीत.

"विचुंब्याला गेली होतीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"फोन?"

"नाही."

"मग माफी कुणाची मागितलीस?" असं म्हणून ते कप धुवायला गेले. मला इतका राग आला की मी ती रात्र आणि पुढचा अख्खा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण राग त्यांच्यावर नव्हता. मी पुन्हा तेच केलं होतं. त्या दोघांचं दुःख पुन्हा एकदा पंधरा माणसांसमोर मांडलं होतं, या वेळी स्वतःला मध्ये बसवून. पश्चात्तापसुद्धा मला माणसं जमवूनच करता येत होता.

त्या आठवड्याचा रविवार प्रभुभोजनाचा होता. भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी आमच्याकडे काही मिनिटं शांत बसतात, ज्याने त्याने आपलं मन तपासावं म्हणून. इतकी वर्षं त्या मिनिटांत मी दुपारच्या स्वयंपाकाचा विचार केला आहे. त्या दिवशी करता येईना. मनात एकच होतं, मी खोटं बोलले आहे आणि ज्यांच्याशी बोलले ते आज इथे माझ्यामुळे नाहीत. ओळीने लोक उठून पुढे जायला लागले. मी ठरवलं की आपण उठायचं नाही. आपला हक्क नाही. अयोग्य मनाने ती भाकर खाणारा स्वतःवरच दंड ओढवून घेतो, असं वचन आहे. मग आमच्या बाकाची पाळी आली. शेजारच्या बाई उठल्या, माझ्याकडे बघून थांबल्या. मागच्या बाकावरचेही बघत असणार. मी बसून राहिले तर सगळ्यांना दिसेल, विचारतील, चर्चा होईल.

लोक काय म्हणतील म्हणून मी उठले आणि प्रभुभोजन घेतलं. मी आयुष्यात बरीच चुकले आहे, पण त्या घासाएवढी कुठल्याही गोष्टीची भीती मला वाटलेली नाही.

बाहेर आल्यावर आमच्या मिस्टरांना म्हटलं, तुम्ही घरी जा. त्यांनी कुठे म्हणून विचारलं नाही. मी रिक्षा केली आणि विचुंब्याला गेले. वाटेत दोनदा रिक्षा परत वळवावीशी वाटली. रिक्षात बसल्याबसल्या काय बोलायचं त्याची मी तयारी करायला लागले, सुरुवात कशी, मग पुढे काय. ते लक्षात आल्यावर रिक्षावाल्याशी मुद्दाम भलत्याच गोष्टी बोलत राहिले, म्हणजे तयारी होऊ नये.

दार मैत्रिणीच्या मिस्टरांनीच उघडलं. घरचा बनियन, हातात पेपर. मला बघून ते बाजूला झाले. मैत्रीण स्वयंपाकघरात होती. तिने मान वळवून बघितलं आणि पुन्हा कामाला लागली.

"बसा ताई," ते म्हणाले.

मी बसले. माफी मागायला तोंड उघडलं, तोच ते बोलायला लागले. बोलायची सवय नसलेला माणूस, थांबत थांबत.

"सभेत झालं ते झालं. लोकांना आज ना उद्या कळलंच असतं. मी ते मनात धरलेलं नाही. आणि ताई, मला तुमचे आभार मानायचे होते. हिने मला सांगितलं होतं, ताई रोज सकाळी सहाला तुमच्यासाठी बसतात. ही गेली की मी दाराला कडी लावायचो आणि या इथे खुर्चीत बसायचो. म्हणायचो, तिकडे कॉलनीत कुणीतरी गुडघ्यांवर बसलंय आपल्यासाठी, दुखऱ्या गुडघ्यांनी. मग आपणही तासभर बसायला काय हरकत आहे. त्या सभेपर्यंत असे सतरा दिवस काढले. एक थेंब नाही."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला पळून जावंसं वाटलं. आणि पळता येत नसेल तर गप्प बसावंसं वाटलं. गप्प बसायला किती चांगलं कारण होतं! या माणसाचा आधार कशाला काढून घ्यायचा? खोटं असेना का, उपयोगी पडलं ना? दयाळूपणाचं कारण पुढे करून मी आणखी एकदा सुटू शकत होते, आणि या वेळी कुणाला कधीच कळलं नसतं.

"मी बसले नव्हते," मी म्हणाले.

त्यांना नीट ऐकू आलं नसावं.

"सकाळी सहाला मी बसत नव्हते. एकदाही बसले नाही. तुमच्यासाठी मी पहिल्यांदा प्रार्थना केली ती कामोठ्याला, सगळ्यांसमोर."

ते पेपरची घडी घालायला लागले. बराच वेळ घालत होते.

"एकदाही नाही?"

"नाही."

"म्हणजे त्या सतरा दिवसांत इथे मी एकटाच होतो?"

"मी तरी नव्हते," मी म्हणाले.

मैत्रीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. "फोनवर तू हो म्हणालीस," ती म्हणाली.

"खोटं बोलले."

"सभेत बोललीस त्याची लाज वाटली, ती जाईल," ती म्हणाली. "पण मी रोज ह्यांना एकटं टाकून तुझ्या भरवशावर ड्यूटीला जात होते. तू नव्हतीस तर नाही म्हणायचं होतंस. मी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं. नाहीतर रजा टाकली असती." ती पुन्हा आत गेली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. आजवर म्हणालेली नाही.

मिस्टर खिडकीबाहेर बघत होते. त्यांना धक्का बसला होता, की त्या सतरा दिवसांचा ते नव्याने हिशेब लावत होते, मला सांगता येणार नाही. मग ते म्हणाले, "उद्या सहाला मी फोन करतो. एकच विचारीन, बसलात का. आणि तुम्ही मला एकच विचारायचं. दोघांनी खोटं बोलायचं नाही. जमेल?"

दुसऱ्या दिवशी सहाला फोन वाजला, तेव्हा मी खुर्चीत बसलेले होते. गुडघ्यांवर नाही, खुर्चीत. पहिल्या दिवशी 'प्रभू' म्हटलं आणि पुढे काही सुचलंच नाही. ऐकणारं कुणी नसलं की माझं तोंड चालत नाही, हे साठीजवळ येऊन कळलं. आता फोन रोज येतो. मला आतापर्यंत अकरा वेळा 'नाही' म्हणावं लागलं आहे. प्रत्येक 'नाही' म्हणताना जीभ अडखळते, दुपारपर्यंत चैन पडत नाही. त्यांची उत्तरं मी इथे लिहिणार नाही. ती वहीतही लिहीत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर पुन्हा तीच भीती वाटली. डोळे मिटून सांगितलं काय आणि कागदावर लिहिलं काय, पुन्हा त्यांचीच गोष्ट आणि पुन्हा मीच मध्ये. म्हणून परवा कागद घेऊन विचुंब्याला गेले आणि दोघांना वाचून दाखवलं. म्हटलं, छापायला द्यायचं मनात आहे, नको म्हणालात तर इथेच फाडते. दोघांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छापा," मिस्टर म्हणाले. "पण ताई, त्या दिवशी मी पेपरची घडी घालत होतो, तेव्हा तुमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, असं लिहिलंय तुम्ही."

"हो."

"तुम्ही रडला नव्हतात."

मी मैत्रिणीकडे बघितलं.

"त्या दिवशी मी चहा दिला, तर साखर कमी आहे म्हणालीस," ती म्हणाली.

मी पर्समधून पेन काढलं आणि त्यांच्यासमोर बसून त्या ओळी खोडल्या.